मुक्तस्रोत संगणकप्रणालींतील परीक्षकांची श्रेयनोंद

शासकीय नस्तीवर पाच-सहा जणांच्या स्वाक्षऱ्या असतात. परंतु त्या सर्व स्वाक्षऱ्यांचा अर्थ एकच नसतो, हे कनिष्ठ लिपिकापासून विभागप्रमुखापर्यंत प्रत्येकास ठाऊक असते. टिप्पणी कोणी लिहिली, ती सादर कोणी केली, आकडे कोणी पडताळले, वित्त विभागाने सहमती दिली की नुसते ‘पाहिले’ असे लिहून नस्ती परत केली, आणि अंतिम मान्यता कोणाची, या निरनिराळ्या गोष्टी होत. नस्ती सुरळीत पुढे सरकत असते तोवर या फरकाकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. लेखापरीक्षणात एखादा आक्षेप निघाला की मग मात्र प्रत्येक स्वाक्षरीचा अर्थ बारकाईने पाहिला जातो.

संगणकाच्या मुक्तस्रोत प्रणालींच्या क्षेत्रात हाच प्रश्न गेली काही दशके वेगळ्या रूपाने चर्चिला जात आहे. ज्या प्रणालीची मूळ संहिता, म्हणजे संगणकास दिलेल्या आज्ञांचा मूळ मजकूर, वाचण्यास, वापरण्यास, बदलण्यास आणि इतरांस देण्यास कोणासही मोकळीक असते, ती मुक्तस्रोत प्रणाली होय. लिनक्स, फायरफॉक्स आणि पोस्टग्रेस्क्यूएल ही तिची परिचित उदाहरणे. भारत सरकारने २०१५ साली शासकीय कामकाजात अशा प्रणालींचा स्वीकार करण्याविषयीचे धोरण जाहीर केले. त्याच वर्षी शासकीय प्रणालींची संहिता खुली करून ती सहकार्याने विकसित करण्याविषयीचेही धोरण आले. त्यामुळे हा विषय केवळ संगणकतज्ज्ञांपुरता मर्यादित राहिलेला नाही. अशा प्रणालीत एखादा बदल कोणी लिहिला याची नोंद चांगली राहते. तो बदल कोणी तपासला याची नोंद कशी राहते, आणि पुष्कळदा का राहत नाही, याचा विचार येथे करावयाचा आहे.

परीक्षक काय करतो

मुक्तस्रोत प्रकल्पात एखाद्याने सुचविलेल्या बदलास पॅच असे म्हणतात. हा पॅच मूळ संहितेत समाविष्ट होण्यापूर्वी दुसऱ्या जाणकाराने तो वाचून पाहावा, अशी चांगल्या प्रकल्पांची रीत असते. यालाच कोड रिव्ह्यू, म्हणजे संहितेचे परीक्षण, म्हणतात. ही कल्पना मुक्तस्रोत चळवळीहून जुनी आहे. आयबीएम कंपनीतील मायकेल फेगन यांनी १९७६ साली परीक्षणाची एक शिस्तबद्ध पद्धत प्रसिद्ध केली होती. तीत चार जणांनी एकत्र बसून छापील संहिता वाचावी आणि प्रत्येकाची भूमिका ठरलेली असावी, अशी योजना होती. मुक्तस्रोत प्रकल्पांतील परीक्षक बहुधा एकमेकांपासून हजारो मैल दूर असतात, त्यांच्यात वरिष्ठ-कनिष्ठ असे नाते नसते, आणि कित्येकांना या कामाचा मोबदलाही मिळत नाही.

परीक्षक प्रत्येक ओळीस प्रश्न विचारतो. येणारी माहिती रिकामी असली तर काय होईल? दोन कामे एकाच क्षणी या ठिकाणी येऊन पोहोचली तर? मागून घेतलेली स्मृतिजागा प्रत्येक वाटेने परत केली जाते काय? आणि सर्वांत अवघड प्रश्न म्हणजे, या बदलाची मुळात गरज आहे काय? त्याच्या आक्षेपांमुळे लेखक आपला पॅच दोनदा, तीनदा पुन्हा लिहितो. अखेरीस जी संहिता स्वीकारली जाते तिच्यात परीक्षकाने लिहिलेले एक अक्षरही नसते, आणि तरीही तिचे रूप पुष्कळ अंशी त्याच्या प्रश्नांनी घडविलेले असते. किंबहुना परीक्षकाची सर्वांत मोलाची कामगिरी म्हणजे त्याच्या सांगण्यावरून जो घातक बदल स्वीकारलाच गेला नाही तो. आणि जे घडलेच नाही त्याची नोंद कोणत्याही वहीत सापडत नाही.

लिहिणे हे काम आकर्षक आहे, तपासणे कष्टाचे. यास्तव बहुतेक मोठ्या प्रकल्पांत लेखक पुष्कळ आणि परीक्षक थोडे, अशी स्थिती आढळते. पॅच तपासणीअभावी आठवडेच्या आठवडे पडून राहतात. जो तपासतो त्याच्या हाती देण्यासारखे प्रकल्पाजवळ फार काही नसते. त्याचे नाव योग्य शब्दांत नोंदविणे हा त्यांतल्या त्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ मोबदला होय. नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या तरुणास आपण लिहिलेल्या ओळी दाखविता येतात. तपासलेल्या ओळी दाखवावयाच्या तर त्या नोंदीवाचून दुसरा पुरावा नसतो. ही नोंद ज्यास मिळत नाही तो काही काळाने तपासणे सोडून लिहिण्याकडे वळतो.

नोंदवहीत रकाना नाही

परीक्षकाचे नाव मागे राहण्याचे एक कारण नोंद ठेवणाऱ्या साधनांतच आहे. सीव्हीएस आणि सबव्हर्जन ही जुनी साधने प्रत्येक बदलापुढे एकच नाव ठेवीत: ज्याच्या हाताने तो बदल भांडारात दाखल झाला त्याचे. मूळ लेखक बाहेरचा असला तर त्याचेही नाव आपोआप राहत नसे. १९९३ साली सुरू झालेल्या फ्रीबीएसडी प्रकल्पाने यावर साधा उपाय केला. नोंदीच्या मजकुरातच ‘कोणी सादर केले’, ‘कोणी तपासले’, ‘कोणी मान्यता दिली’ आणि ‘कोठून घेतले’ अशा ठराविक ओळी लिहिण्याची प्रथा त्याने पाडली. ज्याच्या बदलाने घोटाळा होईल त्याच्या नावे ‘टोकदार टोपी’ लिहिण्याची गमतीदार प्रथाही याच प्रकल्पातील. शाळेत मंद विद्यार्थ्यास घालावयाच्या टोपीवरून ती आली, आणि बहुतेक वेळी चूक करणारा ती टोपी स्वतःच स्वतःस घालून घेतो.

२००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट हे साधन तयार केले. आज बहुतेक प्रकल्प तेच वापरतात. गिटमध्ये लेखकाचा रकाना वेगळा आणि दाखल करणाऱ्याचा वेगळा, एवढी सुधारणा झाली. परीक्षकासाठी मात्र तेथेही रकाना नाही. त्याचे नाव नोंदीच्या शेवटी, मजकुराखाली, ओळीने लिहावे लागते. अशा ओळींना ट्रेलर म्हणतात. त्या लिहिल्या काय आणि न लिहिल्या काय, गिट कोणासही अडवीत नाही. सबब या नोंदीचा खरेपणा सर्वस्वी प्रकल्पाच्या शिस्तीवर अवलंबून राहतो. ही शिस्त सर्वांत बारकाईने लिनक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नेलने, बांधली आहे. तिचा अभ्यास थोडा सविस्तर करणे उपयुक्त ठरेल.

कर्नेलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते आणि तीत दहा हजारांहून अधिक बदल असणे ही नित्याची गोष्ट आहे. २००३ साली एससीओ या कंपनीने आयबीएमविरुद्ध दावा लावून लिनक्समध्ये परकी संहिता शिरल्याचा आरोप केला, तेव्हा कोणती ओळ कोणाकडून आली हे दाखविण्याची गरज निर्माण झाली. त्यातून २००४ मध्ये ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ आली. तिचा अर्थ असा की, स्वाक्षरी करणाऱ्यास ही संहिता मुक्त परवान्याखाली देण्याचा अधिकार आहे. पॅच ज्याच्या ज्याच्या हातून पुढे जातो तो तो आपली ओळ खाली जोडतो. थोडक्यात, ही आवक-जावक वहीतील नोंद होय. तिचा गुणवत्तेशी संबंध नाही. नवखे लोक पॅच तपासल्यावर हीच ओळ देऊ करतात. ती चूक होय.

तपासणाऱ्यासाठी ‘रिव्ह्यूड-बाय’ ही ओळ आहे. २००७ मध्ये तिच्या अर्थाविषयी बरीच चर्चा झाली आणि पुढे कर्नेलच्या नियमपुस्तिकेत तिच्याशी एक निवेदनच जोडले गेले. ही ओळ देणारा त्या निवेदनान्वये चार गोष्टी सांगत असतो. एक, हा पॅच समाविष्ट करण्यास योग्य व तयार आहे काय याची त्याने तांत्रिक तपासणी केली आहे. दुसरी, त्याला आलेल्या शंका त्याने लेखकास कळविल्या आणि मिळालेल्या उत्तराने त्याचे समाधान झाले. तिसरी, आणखी सुधारणेस वाव असला तरी हा बदल करण्याजोगा आहे आणि तो अडवावा असा कोणताही दोष त्याला ठाऊक नाही. चौथी, इतके असूनही हा बदल प्रत्येक परिस्थितीत बरोबर चालेल अशी हमी तो देत नाही. हे चौथे कलम वरवर पाहता पळवाट वाटेल; परंतु त्यावाचून कोणीही शहाणा मनुष्य आपले नाव देण्यास धजला नसता. परीक्षक हा जामीन नव्हे.

‘ॲक्ड-बाय’ ही ओळ याहून हलकी आहे. एखादा पॅच दुसऱ्या कोणाच्या देखरेखीखालील भागास स्पर्श करीत असेल, तर त्या भागाचा मेन्टेनर, म्हणजे देखभाल पाहणारा, तिच्याद्वारे आपली संमती कळवितो. ती संपूर्ण पॅचला असेलच असे नाही. त्याने आपल्या भागापुरतीच मान दिली असेल. ‘टेस्टेड-बाय’ म्हणजे प्रत्यक्ष यंत्रावर चालवून पाहिले. ‘रिपोर्टेड-बाय’ म्हणजे दोष कळविला. ‘सजेस्टेड-बाय’ म्हणजे कल्पना सुचविली. ‘को-डेव्हलप्ड-बाय’ ही ओळ सहलेखकाची आहे आणि तिच्या लगेच खाली त्या सहलेखकाची साइन्ड-ऑफ-बाय असावीच लागते. ‘सीसी’ने एवढेच कळते की त्या व्यक्तीस मत देण्याची संधी दिली होती, तिने ते दिले असे कळत नाही. आपल्याकडील ‘माहितीस्तव प्रत’ याहून ती वेगळी नाही.

एक उदाहरण

हे भेद प्रत्यक्षात कसे लागू पडतात ते एका कल्पित प्रसंगावरून पाहावे. समजा, संगणक झोपेतून जागा झाला की त्याचे नेटवर्क कार्ड बंद पडते, अशी तक्रार पहिल्या व्यक्तीने केली. दुसऱ्या व्यक्तीने पॅच लिहिला. तिसऱ्याने तो वाचून दाखवून दिले की, एका वाटेने जाताना कुलूप उघडले जाते आणि दुसऱ्या वाटेने ते तसेच राहते. लेखकाने दुसरी आवृत्ती पाठविली. तीत वीजव्यवस्थापनाच्या भागातील दोन ओळी होत्या. त्या भागाच्या मेन्टेनरने, म्हणजे चौथ्याने, त्या दोन ओळींस हरकत नसल्याचे कळविले. पाचव्याने पॅच आपल्या संगणकावर चालवून पाहिला. सहाव्याने ‘ठीक दिसते’ एवढेच उत्तर धाडले. सातव्याने, म्हणजे नेटवर्क विभागाच्या मेन्टेनरने, तो स्वीकारला.

पहिला, दुसरा, चौथा, पाचवा आणि सातवा यांच्या ओळी ठरविण्यास अडचण नाही. त्या अनुक्रमे रिपोर्टेड-बाय, साइन्ड-ऑफ-बाय, ॲक्ड-बाय, टेस्टेड-बाय आणि पुन्हा साइन्ड-ऑफ-बाय अशा होत. चौथ्याची संमती दोन ओळींपुरती आहे हे त्याच्या ओळीपुढे लिहून ठेवणे अधिक बरे. अडचण सहाव्याची आणि तिसऱ्याची आहे.

सहाव्याचे ‘ठीक दिसते’ हे वाक्य लेखकाने परस्पर रिव्ह्यूड-बायमध्ये बदलता कामा नये. मजकूर वरवर पाहूनही असे म्हणता येते, आणि वरील चार कलमांचे निवेदन त्याने स्वीकारले असे त्यावरून सिद्ध होत नाही. कर्नेलचा नियम येथे स्पष्ट आहे: सीसी, रिपोर्टेड-बाय आणि सजेस्टेड-बाय एवढे अपवाद सोडता कोणाचेही नाव त्याच्या उघड संमतीवाचून लिहू नये. या अपवादांतही दोष खाजगीरीत्या कळविला असेल तर विचारून घ्यावे, असे सांगितले आहे. नोंद एकदा प्रसिद्ध झाली की नाव आणि टपालाचा विद्युत्पत्ता कायमचा सार्वजनिक होतो, हेही यामागील एक कारण होय. सहाव्यास एक ओळीचे पत्र लिहून ‘आपले नाव परीक्षक म्हणून घालावे काय’ असे विचारणे, एवढाच मार्ग उरतो. पुष्कळदा या प्रश्नानंतरच तो पॅच खरोखर वाचावयास घेतो.

तिसऱ्याची गोष्ट खऱ्या अर्थाने अन्यायाची आहे. सर्वांत मोलाचा दोष त्याने दाखविला. परंतु दुसरी आवृत्ती आल्यावर त्यास वेळ मिळाला नाही आणि त्याने आपली ओळ दिली नाही. रिव्ह्यूड-बाय लिहावी तर त्याने अंतिम रूप पाहिलेले नाही. रिपोर्टेड-बाय लिहावी तर तिचा अर्थ असा होईल की, संपूर्ण पॅच त्यानेच कळविलेल्या दोषावर लिहिला आहे. तेही खरे नव्हे. कर्नेलचे पॅच आपोआप तपासणारे एक यंत्रही आपल्या पत्रात हाच भेद करते. दुरुस्ती स्वतंत्र पॅचने केली तर नाव लिहावे, त्याच पॅचची नवी आवृत्ती काढली तर नको, असे ते सांगते. मग लेखक काय करतात? ते दुसऱ्या आवृत्तीच्या पत्रात, तीन आडव्या रेघांखाली, ‘कुलुपाची चूक अमुक यांच्या सूचनेवरून दुरुस्त केली’ असे लिहितात. आणि त्या तीन रेघांखालील मजकूर पॅच दाखल होताना गळून पडतो. तशी रचनाच आहे. श्रेय दिले जाते ते ज्या कागदावर, तो कागद नस्तीत लागत नाही.

या पोकळीस सर्वमान्य उत्तर अद्याप मिळालेले नाही. काही मेन्टेनर त्या चर्चेच्या संग्रहाचा दुवा नोंदीत देतात, म्हणजे शोधणाऱ्यास मूळ पत्रव्यवहार सापडतो. लेखकाने रेघांच्या वर, मूळ मजकुरातच, एक साधे वाक्य लिहिले तरी काम होते. ठराविक ओळींच्या सोयीमुळे साधे वाक्य लिहिण्याचा विसर पडतो, ही या पद्धतीची एक उणीव म्हणावी लागेल.

जुनी तपासणी, नवा मजकूर

आणखी एक प्रसंग वरचेवर येतो. परीक्षकाने दुसऱ्या आवृत्तीस रिव्ह्यूड-बाय दिली; मग दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून लेखकाने अर्धा पॅच बदलून तिसरी आवृत्ती काढली. परीक्षकाची ओळ ठेवावी की काढावी? शब्दलेखनातील चूक किंवा रिकामी जागा बदलली असेल तर ती ठेवणे योग्य. बदल महत्त्वाचा असेल तर ती काढून टाकावी आणि काढल्याचे पत्रात नमूद करावे, असा कर्नेलचा नियम आहे. हे नमूद करणे अगत्याचे आहे. अन्यथा परीक्षकास वाटते की आपले नाव विसरले गेले, किंवा तो समजतो की आपली संमती कायम आहे. मान्य झालेल्या टिप्पणीतील पान बदलून तीवरील जुनी लघुस्वाक्षरी तशीच ठेवणे कोणत्याही कार्यालयात गंभीर मानले जाईल. येथे हेतू बहुधा वाईट नसतो. ओळी पुढच्या आवृत्तीत नेण्याचे काम साधनेच करतात आणि लेखक खाली पाहत नाही.

कंपन्यांतील प्रथाही येथे विचारात घेतली पाहिजे. पॅच प्रथमच जाहीर होतो तेव्हाच त्यावर लेखकाच्या दोन-तीन सहकाऱ्यांच्या रिव्ह्यूड-बाय ओळी असतात. तपासणी कंपनीच्या आत झालेली असेल, तीत खोटे काही असेलच असे नाही. परंतु कोणते प्रश्न विचारले गेले आणि कोणती उत्तरे मिळाली हे बाहेरच्यास दिसत नाही. अनुभवी मेन्टेनर अशा ओळींस कमी वजन देतात. याउलट सर्वांसमक्ष दोन अचूक प्रश्न विचारून मग दिलेली एक ओळ त्यांना अधिक विश्वासार्ह वाटते, आणि ते योग्यच आहे.

नाव होते, तरीही

परीक्षकाच्या नावाचे मोल किती आणि मर्यादा कोणती, हे ओपनएसएसएलच्या घटनेतून चांगले दिसून येते. इंटरनेटवरील गुप्त संदेशवहनासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या या संचात ३१ डिसेंबर २०११ रोजी एक बदल दाखल झाला. समोरच्या संगणकाने ‘माझ्या संदेशाची लांबी इतकी’ असे सांगितले की ती लांबी न पडताळता तेवढा मजकूर परत पाठविला जाई. त्यामुळे एका मागणीत सुमारे ६४ किलोबाइटपर्यंत परक्या स्मृतीतील माहिती, क्वचित संकेतशब्द आणि गुप्त किल्ल्यादेखील, बाहेर जाऊ शकत होत्या. मार्च २०१२ मध्ये हा बदल असलेली आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि ‘हार्टब्लीड’ या नावाने हा दोष ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झाला. मधली दोन वर्षे तो जगापुढे उघडा होता.

त्या बदलाच्या नोंदीत पॅच कोणी पाठविला आणि कोणी तपासला ही दोन्ही नावे होती. म्हणजे श्रेयनोंदीत चूक नव्हती. दोघांनाही लांबीची पडताळणी राहिल्याचे दिसले नाही, एवढेच. मुक्त संहिता पुष्कळ लोक पाहतात म्हणून तिच्यातील दोष लवकर सापडतात, असा जो समज होता, त्यास या नोंदीने मोठा धक्का दिला. कारण प्रत्यक्षात किती डोळ्यांनी पाहिले होते हे तीत लिहिलेले होते. त्यानंतर त्याच वर्षी ओपनएसएसएलने प्रत्येक बदलाचे परीक्षण सक्तीचे केले आणि नोंदीत रिव्ह्यूड-बाय ओळी नियमाने येऊ लागल्या. परीक्षकाचे नाव दोषारोपासाठी नसते. किती तपासणी झाली आणि किती झाली नाही, याचा तो हिशेब असतो. ज्याने तपासले नाही त्याचे नाव घातले तर हा हिशेब खोटा होतो आणि जेथे आणखी एक परीक्षक नेमावयास हवा तेथे तो नेमला जात नाही.

इतर प्रकल्पांच्या प्रथा

वेबकिट प्रकल्पात नोंदीचा मसुदा तयार करणारे साधन परीक्षकाच्या जागी ‘नोबडी’, म्हणजे कोणीही नाही, असे लिहून पुढे ‘ऊप्स’ हा उद्गार घालते. तो शब्द तसाच राहिला तर बदल स्वीकारला जात नाही. किरकोळ, तातडीच्या दुरुस्तीस ‘अनरिव्ह्यूड’ असे प्रामाणिकपणे लिहिण्याची मुभा आहे, आणि वरवर पाहून संमती दिली असेल तर ‘रबरी शिक्का मारला’ असे लिहिण्याचीही. मोझिलातही परीक्षकासाठी ‘आर’ आणि रबरी शिक्क्यासाठी ‘आरएस’ अशी निराळी खूण रूढ झाली. शिक्का मारला तर शिक्का मारला असेच लिहावे, हा प्रांजळपणा अनुकरणीय आहे.

पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये पॅच देणाऱ्याने दुसऱ्या कोणाचा निदान एक पॅच तपासावा अशी अपेक्षा असते. २०१७ सालच्या दहाव्या आवृत्तीपासून तिच्या प्रकाशन-टिपणाच्या अखेरीस योगदान देणाऱ्यांची नावे अकारविल्हे दिली जातात. तीत लेखक, परीक्षक, चाचणी घेणारे आणि दोष कळविणारे एकाच यादीत येतात. कोणी किती केले याची तेथे मोजणी नाही.

अलीकडे बहुतेक लहान प्रकल्प गिटहबसारख्या सेवेवर चालतात. तेथे परीक्षणाचा सारा संवाद त्या सेवेच्या पृष्ठावर राहतो. गिटच्या नोंदीत परीक्षकाचे नाव आपोआप उतरत नाही. उद्या प्रकल्प दुसरीकडे हलविला, तर संहिता आणि लेखकांची नावे बरोबर येतील, परीक्षक मात्र मागे राहतील. गेरिट या साधनात याच्या उलट सोय आहे. बदल दाखल करण्याची एक विशिष्ट पद्धत निवडल्यास अनुकूल मत देणाऱ्यांच्या रिव्ह्यूड-बाय ओळी यंत्रच लिहिते. विसर पडण्याचे भय तेथे नाही. पण ‘मला ठीक वाटते, अंतिम मान्यता दुसऱ्याने द्यावी’ असे अर्धे मत आणि पूर्ण मान्यता या दोन्हींचे वजन त्या ओळींत एकसारखेच दिसते.

मोजणीचा मोह

ओळी ठराविक असल्या की त्या मोजता येतात. २०२० सालापासून गिटच्या एका आज्ञेने कोणत्याही प्रकल्पातील परीक्षकनिहाय गोषवारा क्षणात निघतो. मेन्टेनरला कोणावर ओझे वाढले आहे हे त्यावरून कळते, ही सोय चांगली. परंतु जे मोजले जाते त्याचा साठा करण्याची वृत्तीही बळावते. एका ओळीच्या शब्ददुरुस्तीवर आणि आठशे ओळींच्या अवघड बदलावर दिलेली रिव्ह्यूड-बाय गोषवाऱ्यात सारखीच मोजली जाते. ज्या परीक्षकाने सहा आठवडे वाद घालून एक धोकादायक पॅच मागे घ्यावयास लावला त्याच्या नावापुढे शून्य येते. पदोन्नतीसाठी हा गोषवारा जसाच्या तसा वापरणारा अधिकारी परीक्षकांस वाचण्याऐवजी ओळी गोळा करण्यास शिकवीत असतो.

मोजणीत नावांचाही घोळ होतो. एकच व्यक्ती कार्यालयातून एका पत्त्याने आणि घरून दुसऱ्या पत्त्याने लिहिते. आपल्याकडील आडनावे रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात, कोणी वडिलांचे नाव मध्ये घालतो, कोणी गाळतो, आणि विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रीचे दहा वर्षांचे काम दोन अनोळखी व्यक्तींत विभागले जाते. यासाठी गिटमध्ये ‘मेलमॅप’ नावाची एक साधी फाईल ठेवता येते. तीत जुनी नावे आणि पत्ते व्यक्तीच्या पसंतीच्या एका नावाशी जोडलेले असतात. या फाईलसाठी प्रकल्पाने आपणहून विचारणा करावी, कारण नवखा परीक्षक स्वतः होऊन ‘माझे नाव चुकले आहे’ असे सहसा म्हणत नाही.

मेलमॅपने नाव सुधारता येते. राहून गेलेले नाव मात्र घालता येत नाही. गिटची प्रत्येक नोंद तिच्या संपूर्ण मजकुरावरून काढलेल्या एका अंकाने ओळखली जाते आणि पुढील प्रत्येक नोंद मागील अंकावर उभी असते. प्रसिद्ध झालेल्या नोंदीत एक ओळ वाढविली तर तिच्यापुढील सर्व अंक बदलतात आणि ज्यांनी प्रत उतरवून घेतली आहे त्या सर्वांची घडी विस्कटते. नोंदीस मागाहून टिपण जोडण्याची सोय गिटमध्ये आहे. परंतु ती टिपणे इतरांच्या प्रतींत आपोआप जात नाहीत, म्हणून त्यांचा प्रसार झालेला नाही. उशिरा तपासणी पूर्ण करणाऱ्याची ओळ म्हणूनच बहुधा पत्रव्यवहारातच राहते. हे ओळखून काही मेन्टेनर पॅच स्वीकारण्यायोग्य झाल्यावरही तो काही दिवस हातचा राखून ठेवतात आणि ज्यांनी आधी आक्षेप घेतले होते त्यांस, अंतिम रूप पाहून नाव द्यावयाचे असल्यास अमुक वारापर्यंत कळवावे, असे लिहितात.